स्विंग वेटचा काटा घरीच जमवला

गोल्फच्या क्लबचं, म्हणजे काठीचं, स्विंग वेट मोजण्याचं यंत्र विकत घ्यायचं का, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो बाबांच्या क्लबच्या ग्रिप, म्हणजे हातात धरायच्या रबरी मुठी, बदलल्यामुळे. त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात, मूठ घट्ट मिटत नाही, म्हणून त्यांच्या आयर्नना, म्हणजे चेंडू मारायचं हेड धातूच्या पात्याचं असलेल्या क्लबना, नेहमीच्या ग्रिपऐवजी थोड्या जाड, मिडसाइझ ग्रिप बसवून घेतल्या. पकड सुधारली, दुखणं कमी झालं. पण पहिल्याच राउंडनंतर ते म्हणाले, "अगं, हेड कुठे आहे तेच कळत नाही. क्लब वर नेला की पुढचं टोक हलकं वाटतं."

बाबा फौजेत असल्यापासून गोल्फ खेळतात. त्यांच्या हाताला जे जाणवतं त्याला कारण असणार, हे मला ठाऊक होतं. काढून टाकलेली जुनी ग्रिप वजन केली तर ४९ ग्रॅम, नवी ६३. मुठीकडे १४ ग्रॅम वाढले की हेडकडचं पारडं हलकं होणारच. किती हलकं झालं आणि ते भरून काढायचं तर हेडला किती वजन लावायचं, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

ज्यांनी ही भानगड कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्विंग वेट म्हणजे क्लबचं एकूण वजन नाही. क्लब ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर एका टेकूवर आडवा ठेवला, तर हेडची बाजू किती जोराने खाली झुकते, त्याचं ते माप आहे. १९२०च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स या अमेरिकन माणसाने ही १४ इंचांच्या टेकूची पद्धत बसवली आणि आजही कारखान्यांत तीच चालते. माप अक्षर आणि आकड्यात सांगतात: सी-८, सी-९, मग डी-०, डी-१ असं चढत जातं. पुरुषांच्या तयार आयर्नचं माप बहुधा डी-० ते डी-३च्या आसपास असतं, बायकांच्या क्लबचं सी-मध्ये, वेज म्हणतात त्या आखूड क्लबचं थोडं वर. एक पायरी म्हणजे एक पॉइंट.

यामागचं गणित शाळेतल्या तरफेचंच आहे. क्लबचं वजन गुणिले त्याच्या तोलबिंदूचं टेकूपासूनचं अंतर. ग्रॅम आणि इंच धरले तर डी-० म्हणजे साधारण ६०५० ग्रॅम-इंच, आणि पुढचा प्रत्येक पॉइंट जवळपास ५० ग्रॅम-इंचांचा. हे दोन आकडे हाती आल्यावर माझा सगळा विचारच बदलला, कारण मग यंत्राला नेमकं काय करायचं आहे ते कळलं: एक अंतर पक्कं धरायचं आणि एक वजन वाचायचं, एवढंच.

आधी अर्थातच बाजारात काय मिळतं ते पाहिलं. क्लब बांधणाऱ्या कार्यशाळांमध्ये दिसतात ते काटे दोन तऱ्हेचे. एक, लांब दांडीवर सरकतं वजन असलेला, जुन्या धान्याच्या दुकानातल्या काट्यासारखा. दुसरा डिजिटल, ज्यात क्लब ठेवला की पडद्यावर थेट डी-२ उमटतं. ओहायोतल्या गोल्फवर्क्ससारख्या कंपन्या ही अवजारं वर्षानुवर्षं विकत आल्या आहेत आणि व्यवसाय करणाऱ्याने ती घ्यावीतच. पण चांगल्या डिजिटल काट्याची किंमत काही शे डॉलर. त्यावर शिपिंग, कस्टम ड्युटी, जीएसटी. पुण्यात हातात पडेपर्यंत तो आकडा बाबांच्या अख्ख्या वापरलेल्या सेटच्या किमतीजवळ गेला. एका घरातले दोन सेट मोजायला एवढा खर्च मला पटेना.

दांडीचे स्वस्त काटेही ऑनलाइन दिसतात. फोटो मोठे करून मी बराच वेळ पाहिले. त्यात माझं लक्ष तीन गोष्टींकडे होतं. टेकूची धार बारीक आणि कडक पोलादाची आहे का. क्लब ठेवायची खाच नेमक्या जागी पक्की आहे की स्क्रू सैल करून हलवता येते. आणि सरकत्या वजनाखालच्या खुणा किती दूरदूर आहेत. एक पॉइंट आणि दुसरा पॉइंट यांच्यात दोन-तीन मिलिमीटरच असतील तर वाचताना डोळाच एका पॉइंटची गफलत करतो. पाहिलेल्यांपैकी एकाही काट्याबद्दल या तिन्ही गोष्टी विक्रेत्याच्या वर्णनातून कळल्या नाहीत. सोबत तपासणीचं वजनही येत नव्हतं. काटा बरोबर आहे की नाही हे पाहायला दुसरा काटा लागणार असेल तर स्वस्तपणाचा उपयोग काय?

मग पैसे न खर्चता जे होतं ते आधी करून पाहिलं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमने मोजणारा. काट्यावर लाकडाचा छोटा ठोकळा, ठोकळ्यावर तीन पदरी घडीची पत्र्याची पट्टी उभी, आणि तिच्या कडेवर क्लब तोलून धरायचा. तोल साधला की वजन आणि तोलबिंदू दोन्ही एकदम मिळतात. बाबांच्या ७ आयर्नचं वजन ४३२ ग्रॅम आलं, तोलबिंदू ग्रिपच्या टोकापासून ७०९ मिलिमीटरवर. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. वजाबाकी करून गुणलं, इंचांत आणलं, की ६०१० ग्रॅम-इंच. म्हणजे सी-९च्या किंचित वर. बाबांचा हात खोटं बोलत नव्हता. जुन्या ग्रिपने हाच क्लब डी-२च्या आगेमागे असणार, कारण १४ ग्रॅम टेकूच्या अलीकडे पावणेदहा इंचांवर वाढले तर पावणेतीन पॉइंट जातात.

ही पद्धत फुकट आहे आणि ज्याला वर्षाकाठी एखादाच क्लब पाहायचा आहे त्याला ती पुरेशी आहे. तिची अडचण तोलबिंदूत आहे. क्लब त्या कडेवर क्षणभर स्थिर राहतो आणि कुठल्या तरी बाजूला कलतो. खूण करायची पेन्सिल लागली तरी हलतो. ४३२ ग्रॅमच्या क्लबमध्ये एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर पॉइंटचा तिसरा हिस्सा चुकतो, तीन मिलिमीटरला अख्खा पॉइंट. एकच क्लब मी पुन्हा पुन्हा तोलला की खुणा दोन-अडीच मिलिमीटरच्या पट्ट्यात पसरत. एका सेटमधल्या आयर्नची आपापसात तुलना करायला हे ढोबळ पडतं.

म्हणून टेकू पक्का बसवायचा ठरवलं. क्लब तोलायचाच नाही. तो १४ इंचांवरच टेकवायचा, हेडकडे झुकू द्यायचा, आणि मुठीकडची बाजू किती जोराने वर उचलली जाते ते वजनकाट्यावर वाचायचं. वर जाणारा जोर वजनकाटा कसा मोजणार? काट्यावर एक किलोचं वजन ठेवायचं, त्याला जोडलेली आडवी सळई ग्रिपच्या वरून न्यायची, आणि काटा शून्यावर आणायचा. क्लबची मूठ त्या सळईला खालून वर ढकलते, तेवढा भार काट्यावरून कमी होतो आणि पडद्यावर उणे आकडा दिसतो. हल्लीचे बहुतेक घरगुती काटे शून्य केल्यानंतर उणे आकडा दाखवतात. विकत घेताना दुकानातच हे करून बघावं, कारण या सगळ्या बेताचा जीव त्यात आहे.

सळई ग्रिपवर कुठे ठेवायची, यावर मी थोडं थांबून विचार केला आणि त्याचा फार फायदा झाला. टेकूपासून बरोबर १० इंचांवर, म्हणजे २५४ मिलिमीटरवर ठेवली, तर ग्रॅम-इंचांना दहाने भागलं की काट्यावरचे ग्रॅम मिळतात. डी-० म्हणजे ६०५ ग्रॅम. एक पॉइंट म्हणजे ५ ग्रॅम. ६१५ दिसले की डी-२, ५९५ दिसले की सी-८. एका ग्रॅमने मोजणारा साधा काटा इथे पॉइंटचा पाचवा हिस्सा दाखवतो. तक्ता नको, अ‍ॅप नको, तोंडी हिशोब होतो.

सामान रविवार पेठेत, बोहरी आळीत आणि आजूबाजूला फिरून मिळालं. पाया म्हणून अठरा मिलिमीटर प्लायवूडची फळी. टेकूसाठी लोखंडी अँगलचा तुकडा, ज्याची वरची कड कानशीने घासून बारीक केली आणि मधोमध उथळ खाच पाडली, म्हणजे क्लबचा दांडा, शाफ्ट, घरंगळत नाही. सळई सहा मिलिमीटरची, इंग्रजी यू उलटा धरावा तशी वाकवलेली, तिचे दोन्ही पाय एका लाकडी ठोकळ्यात ठोकलेले. आणि वजनकाटे विकणाऱ्या दुकानातून वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेली लोखंडी वजनं: एक किलो, ५०० ग्रॅम आणि १०० ग्रॅम. दुकानदारांनी विचारलं, "कसलं दुकान काढताय, ताई?" मी सांगितल्यावर त्यांनी आतून स्वतःहून कमी गंजलेली वजनं शोधून दिली. वजनकाट्यासकट सगळं मिळून खर्च तयार दांडीच्या काट्यापेक्षा खूपच कमी झाला. डिजिटलशी तर तुलनाच नको.

फळीवर अंतरं मिलिमीटरच्या पोलादी पट्टीनेच आखावीत. शिंप्याची टेप इथे चालत नाही. टेकू एक मिलिमीटर पुढे सरकला तर हेडकडची बाजू आखूड होते आणि मुठीकडची लांब, दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने जातो आणि आकडा चार ग्रॅमने, म्हणजे पाऊण पॉइंटाने कमी येतो. ग्रिपचं टोक अडवायला मी आधी मागे उभी पट्टी लावणार होते, पण ग्रिपचं रबर पट्टीला टेकलं की तिथे घर्षण होऊन वर जाणारा जोर थोडा अडतो. त्याऐवजी प्रत्येक क्लबवर मास्किंग टेपचा तुकडा लावून ३५५.६ मिलिमीटरची रेघ ओढते आणि ती टेकूच्या कडेवर आणते. क्लब अगदी आडवा असायलाच हवा असंही नाही. थोडा तिरका झाला तर दोन्ही बाजूंची अंतरं सारख्याच प्रमाणात कमी होतात, आकडा बदलत नाही. हेडचा टो, म्हणजे शाफ्टपासून दूरचं टोक, मात्र दर वेळी खाली सोडायचा. शाफ्टच्या रेषेबाहेर हेडचं वजन असतं, ते एकाच बाजूला राहिलेलं बरं.

आता तपासणी. माझ्या मते स्वस्त अवजार आणि भरवशाचं अवजार यांतला सगळा फरक इथे आहे, आणि याला पैसे लागत नाहीत.

पहिली तपासणी काट्याची. शिक्क्याची ५०० आणि १०० ग्रॅमची वजनं मिळून ६०० होतात, म्हणजे आपल्याला ज्या पट्ट्यात वाचायचं आहे नेमकी तिथलीच. एक किलोच्या वजनाशेजारी ती दोन्ही ठेवून काटा शून्य केला आणि उचलून घेतली: उणे ६०० यायला हवेत. माझ्या काट्यावर ६०१ आले, काही वेळाने ६००. हे चालतं.

दुसरी तपासणी फळीची. ग्रिपच्या टोकापासून ३४ इंचांवर, म्हणजे टेकूपासून २० इंचांवर, ७ आयर्नच्या शाफ्टला काहीही छोटं वजन टेपने चिकटवायचं. तिकडे २० इंच, इकडे १० इंच, म्हणून काट्यावरचा आकडा त्या वजनाच्या दुपटीने वाढलाच पाहिजे. मी दागिने मोजतात तसल्या खिशातल्या काट्यावर एक नट आधी तोलला, सहा ग्रॅमचा होता. चिकटवल्यावर आकडा बारा ग्रॅमने चढला. त्या क्षणी मला या फळीवर विश्वास बसला. तिसरी तपासणी आधीच झालेली होती: तोलबिंदूच्या पद्धतीने या क्लबचं उत्तर ६०१ यायला हवं होतं, फळीने ६०२ दाखवलं.

एक खोड घरगुती काट्यांची सांगून ठेवते. भार अगदी हळूहळू बदलला तर काही काटे तो बदल गिळून टाकतात, शून्य सांभाळण्याची त्यांची स्वतःची युक्ती असते. म्हणून क्लब सावकाश, लाडाने ठेवू नये. ठेवायचा, हात काढायचा, आकडा स्थिरावला की वाचायचा, आणि क्लब उचलल्यावर परत शून्य येतं का ते पाहायचं. शून्य आलं नाही तर ते वाचन सोडून द्यायचं. काटा आपोआप बंद होण्याआधी हे उरकावं लागतं. आणि पंखा बंद. ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबचं मोठं हेड वाऱ्यावर चांगलंच डोलतं.

सेट मोजायला बसलो तेव्हा बाबा वही घेऊन शेजारी होते. मी आकडा सांगायचा, त्यांनी लिहायचा, हे त्यांना फार आवडलं. ५ पासून पिचिंग वेजपर्यंत बहुतेक आयर्न ५९९ ते ६०४च्या दरम्यान आले, म्हणजे सी-९च्या आसपास एका पॉइंटात. एकटा ५ आयर्न ६१० वर. तो जरा हेडकडे भारी.

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर एक ज्येष्ठ कॅडी, म्हणजे खेळाडूंचे क्लब वाहणारे, आहेत. लहानपणापासून तिथेच वाढलेले, लोकांच्या ग्रिप बदलून देतात, मी त्यांना मामा म्हणते. त्यांना आकडे न सांगता बाबांचे आयर्न दिले. त्यांनी एकेक क्लब मनगटात दोनदा हलवला आणि ५ आयर्न बाजूला काढला. "ताई, हा पुढं वढतोय. बाकीचे एका घरातले हायेत." मग मी वही दाखवली. मामांनी आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे माझ्या हाताला किती फरक कळतो, ते बी यावर निघंल का?" पुढच्या आठवड्यात फळी गाडीत घालून नेली. एकाच क्लबला त्यांच्या नकळत शिशाची पट्टी लावत आणि काढत आम्ही पाहिलं. एका पॉइंटाचा फरक त्यांना कधी कळला, कधी नाही. दोन पॉइंट झाले की न चुकता कळला. मला स्वतःला तीनच्या अलीकडे काही जाणवत नाही.

यातून माझं मत पक्कं झालं की पाव पॉइंट दाखवणाऱ्या महागड्या यंत्रामागे आपल्यासारख्यांनी लागू नये. सेटमधले क्लब एकमेकांशी जुळतात का, हे पाहणं महत्त्वाचं. काटा सगळ्यांनाच अर्धा पॉइंट जास्त दाखवत असेल तर तुलना बिघडत नाही. तो आज एक आणि उद्या दुसरंच दाखवत असेल तर मात्र बिघडते. म्हणून काटा निवडताना पुन्हा पुन्हा तेच उत्तर देतो का, याला मी पहिला मान देते.

आता वजन भरून काढायचं. ७ आयर्नवर हेड टेकूपासून साडेबावीस इंचांवर येतं, त्यामुळे मुठीकडे वाढलेल्या १४ ग्रॅमची पूर्ण भरपाई करायला हेडमागे सहा ग्रॅम शिसं पुरतं. लांब क्लबला कमी लागतं, वेजला जास्त. दोन ग्रॅमला एक पॉइंट हा ठोकताळा मधल्या आयर्नना बऱ्यापैकी लागू पडतो. पण इथे मी मुद्दाम थांबले. सहा ग्रॅम लावले की स्विंग वेट डी-२ होईल खरं, पण क्लब आधीच १४ ग्रॅमनी जड झालाय, तो आणखी सहाने वाढून मूळच्यापेक्षा २० ग्रॅम भारी होणार. स्विंग वेटचा आकडा हे एकूण वजन सांगत नाही. दुखऱ्या बोटांनी तो क्लब अठरा होल उचलायचा आहे, हे आकड्याला माहीत नसतं.

म्हणून आधी तीन ग्रॅमच लावले. काट्यावर ६०८ आले, डी-०च्या थोडं वर. बाबा सरावाच्या मैदानावर, रेंजवर, जाऊन आले आणि म्हणाले, "हेड सापडलं." मी विचारलं, "अजून तीन लावून बघू का, बाबा?" ते म्हणाले, "आधी एक महिना असंच खेळतो." बाकीचे आयर्न त्याच हिशोबाने ६०८च्या जवळ आणले. ५ आयर्न होता तसाच राहू दिला, कारण तो ६१० वरच होता. त्याला फक्त मास्किंग टेपची रेघ पुसण्यापुरता हात लावला.

शिशाची पट्टी लावताना दोन गोष्टी पाळते. हाताळून झालं की हात साबणाने धुवायचे, आणि घरात लहान मुलं असतील तर उरलेले तुकडे बंद डबीत ठेवायचे. पट्टी राउंड सुरू होण्याआधी लावायची. राउंड चालू असताना मुद्दाम लावून किंवा काढून क्लबचा स्वभाव बदलला तर त्या क्लबने फटका मारता येत नाही, असा नियम आहे.

कोणी विचारलं तर मी असं सांगते. एकदाच क्लब पाहायचा असेल तर घरातला काटा आणि पोलादी पट्टी काढा, तोलबिंदू शोधा, पैसे खर्च करू नका. घरातले दोन-तीन सेट असतील, ग्रिप स्वतः बदलत असाल, तर १४ आणि १० इंचांची फळी करा आणि शिक्क्याची वजनं नक्की घ्या. घरगुती काटा कुठल्याही कंपनीचा असो, ही वजनं नसतील तर तो खरं बोलतोय की नाही हे कळायला मार्ग नाही. मामांसारखं रोज लोकांचे क्लब हाताखालून जात असतील तर तयार दांडीचा किंवा डिजिटल काटा घ्यावा, कारण तिथे वेळेला किंमत आहे आणि प्रत्येक क्लबवर टेप लावून रेघ ओढत बसणं परवडत नाही. मामांसाठी आम्ही काही सभासद मिळून तसा काटा मागवायचं पाहतो आहोत. तो आला की पहिल्या दिवशी त्यावर बाबांचा ७ आयर्न आणि टेपने चिकटवलेला सहा ग्रॅमचा नट ठेवणार आहे.